कल्हई लावलेली चिनी कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, मित्रांनो, आणि मी खुनशी आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुरकुर नको.

माझा जन्म एका चिनी लोहाराच्या हातोड्याखाली झाला. पुढे मी एका बोटीवर चिनी आचाऱ्याकडे होते. त्याच्या हाताखाली नाशिकचा जमील काम करी. निरोपाच्या दिवशी आचाऱ्याने मला जमीलच्या हातात दिले आणि बजावले, हिला कधी घासायचे नाही. गरम पाण्याने धुवायचे, पुसायचे, तेलाचा हात फिरवायचा. अशाने माझे पोट काळेभोर, गुळगुळीत झाले होते. त्या काळेपणातच माझा सगळा गुण होता.

१९३६ साली जमील मला घेऊन घरी परतला. त्याची चिनी भाजी अगदी सोपी. कोबी, गाजर, फरसबी बारीक चिरायची, मला धूर येईपर्यंत तापवायचे, तेलात लसूण टाकून भाज्या मोठ्या जाळावर भराभर परतायच्या आणि शेवटी बाटलीतले सोयाचे काळे पाणी शिंपडायचे. कोबीचे एक पान चिकटत नसे. गल्लीतली माणसे वास घेत दाराशी रेंगाळत. मी भारी खूश होते.

फक्त त्याची बायको गुलजारबी माझ्याकडे बघून नाक मुरडी. तिची तांब्यापितळेची भांडी कशी लखलखत असत!

एके दिवशी देवळालीच्या एका बंगल्यावरचे खानसामे निसारमियाँ भाजी चाखायला येणार होते. भाजी पसंत पडली तर जमीलला तिथे नोकरी, नाहीतर पुन्हा बोट. जमील बाजारात गेला आणि नेमका फकिरा कल्हईवाला गल्लीत आला.

"बाई, लोखंडाला कल्हई कशापायी? काळीच बरी हाय ही," फकिरा म्हणाला.

"पाहुण्यांपुढे हे काळं तोंड ठेवू? माझी काय इज्जत राहील? लाव तू," गुलजारबी म्हणाली.

त्याने वाळूने माझे काळेपण खरवडून काढले, नवसागर टाकला आणि वर कथील फासले. मी चांदीसारखी चमकत होते आणि आतून जळत होते. या बाईला रडवीन, असे मी तिथेच ठरवले.

जमील परतला तेव्हा निसारमियाँ येऊन बसलेले. मला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण पाहुण्यांसमोर बायकोला काय बोलणार? कथील वितळू नये म्हणून त्याने जाळ मंदच ठेवला. भाज्यांना पाणी सुटू लागले.

"अरे, जाळ वाढव! चिनी भाजी अशी करतात होय?" निसारमियाँ म्हणाले.

जमीलने लाकडे सारली. मी याचीच वाट बघत होते. कथील वितळले आणि मी ते खुशाल सोडून दिले. कोबी करडा पडला, कथलाचे मणी भाजीत लोळू लागले. निसारमियाँनी बशी खाली ठेवली, टोपी उचलली आणि ते निघून गेले. गुलजारबी ओढणीत तोंड खुपसून रडली. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

जमीलने माझे उरलेले कथील काढले, मला तेल लावून खुंटीला टांगले आणि आठवड्याने पेटी उचलून तो बोटीवर गेला. माझ्यावर माया करणारा तो एकटाच होता, हे माझ्या रागाला दिसलेच नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता सजवू नका. आणि माझ्यासारखा सूडही घेऊ नका, तो भलत्यालाच लागतो.

गुलजारबीला मी अजून माफ केलेले नाही. रोज संध्याकाळी ती मला खाली काढून तेलाचा बोळा फिरवते. मी मुद्दाम गंज धरते, तिचा बोळा लाल करते. ती पुन्हा पुसते आणि म्हणते, "ते येईपर्यंत काळी हो गं बाई."

मी हट्टाने गंजतेच आहे. पण डाग रोज लहान होतो.