विळ्याच्या पोटातलं शेत

चंद्रपुरात हरिदासभाऊंची कॉम्प्युटरची छोटी कंपनी होती. २००६ साली त्यांना काम मिळालं: मूल तालुक्यातली कोणती शेतं जंगलाच्या हद्दीत येतात, त्याची यादी काढायची. प्रोग्राम लिहायला मदीहा नावाची पोरगी होती, हुशार आणि तापट.

"भाऊ, दुसरा डेटाबेस घेऊ," ती म्हणाली. "त्याले नकाशाचं एक्स्टेंशन वेगळं बसवावं लागते, पण ते हद्दीचा आकार बरोबर पाहते."

"आपल्या डेटाबेसात नकाशाची सोय आतच हाये ना? काखेत कळसा अन् गावाले वळसा काऊन?"

मदीहानं तसाच प्रोग्राम लिहिला. पगार देणारा शहाणा असतो, दुसरं काय!

यादी सरकारी कचेरीत गेली. थंडीत एक दिवस मूलकडची गुणाबाई दारात उभी; यादी इथं बनली, असं तिला कचेरीत कळलं होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटरीला वीज नामंजूर झाली होती.

"म्हणे शेत जंगलात हाये! जंगल नाल्याच्या पल्याड हाये, पोरी. पाणी नाई भेटलं तं उन्हाळी धान कसं लावू?"

मदीहानं नकाशा उघडला आणि तिचं डोकंच सणकलं. जंगल विळ्यासारखं वळलं होतं आणि शेत विळ्याच्या पोटात, साफ बाहेर. पण डेटाबेसातली ती आतली सोय आकार पाहतच नव्हती. साऱ्या जंगलाभोवती एक चौकोन धरायची आणि चौकोनात येईल ते जंगल म्हणायची.

"सांगितलं होतं मी!" ती ओरडली.

हरिदासभाऊंचा चेहरा उतरला. "हळू बोल. बाईचं एकटीचं नाव हातानं काढून टाक. अख्खी यादी बदलली तं वर काय तोंड दाखवू? काम जाईन."

गुणाबाईनं विचारलं, "अन् शेजारच्या वारलूचं?"

"शेजाऱ्याचं राहू द्या, बाई. तुमचं झालं ना?"

"डोंबलाचं झालं! तार वारलूच्या शेतातून येते. त्याचं शेत जंगल, तं खांब कुठी गाडू? तुमच्या टेबलावर?"

मदीहाला हसू आवरेना. भाऊंनी टेबलावरची जुनी यादी बाजूला सारली.

"बसव तुयं एक्स्टेंशन," शेवटी ते म्हणाले.

नव्या यादीत विळ्याच्या पोटातली सगळी शेतं जंगलाबाहेर आली. भाऊ स्वतः ती घेऊन गेले. काम राहिलं, पण बोलणी पोटभर खावी लागली. पुढे सरकारी कागद आपल्या चालीनं चालले, आणि चैत्रात वारलूच्या शेतात खांब उभे झाले.

मदीहानं हौसेनं फोन लावला. "मुबारक हो, बाई! मोटर चालू झाली ना?"

"झाली," गुणाबाई म्हणाली. "मुबारक पुढच्या साली दे, पोरी. धान लावाचे दिवस गेले. यंदा धानाची बांधी रिकामीच हाये."