समुद्रफुलाचं पाणी

सफुराच्या माहेरी, मुरुडला, खडकांच्या फटीत समुद्रफुलं राहत. फूल म्हणायचं, पण जीवच तो. पाणी हललं की बोटं पसरणारा, कोलंबीचा तुकडा लागला की मूठ मिटणारा. त्यातलं एक तांबडं फूल तिचा भाऊ मोहियुद्दीन दगडासकट तिच्या सासरी, नेरळला घेऊन आला. सोबत दोन कॅन समुद्र. बद्रू झाल्यापासून तिला माहेरी जायला मिळालं नव्हतं, म्हणून.

माठाशेजारच्या गारव्यात काचेची पेटी ठेवली होती. बद्रू निजला की सफुरा तिच्यासमोर बसे. वाटीने पाणी उचलून वरून सोडी, म्हणजे आत हवा जाई. लहानशी लाट उठे, बोटं डोलत, आणि बघता बघता सफुराच्या पायाखालची फरशी ओली वाळू होऊन सरकू लागे.

पण आज चौथा दिवस, फूल मिटलेलं. आक्रसून जांभळाएवढं झालेलं. भाऊ महिनाभर तरी येणार नव्हता, म्हणजे नवा समुद्रही नाही.

"माझ्या उशाशी कधी एवढी बसली नायस गं," सासू नफिसाबी म्हणाली. "खायला घातलंस त्याला?"

"घेतच नाय, अम्मा. पाणी आटतं, तर बारा दिवस मीठ कालवून खुणेपर्यंत भरतेय. कमी म्हणून पडू दिलं नाय."

"मीठ कालवून?" नफिसाबीने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अगं येडे, लोणचं घातलंस की काय! माझ्या बापाचा जन्म मिठागरात गेला. ऊन पाणी घेऊन जातं, मीठ ठेवून जातं. आटलं तेवढं गोडं घालायचं!"

सफुराचे डोळे भरून आले. इतके दिवस आपणच त्याला मायेने जाळत होतो.

"रडतेस काय? काढ तांब्याभर, नि विहिरीचं घाल. सावकाश, बाळाला पाजतात तसं."

दुपारभर ती पळीपळीने पाणी सोडत राहिली. नफिसाबी मधूनमधून चाखून बघे. "अजून." थोड्या वेळाने पुन्हा, "अजून." आणि मग डोळे मिटून, "हां. आता खाडीच्या तोंडाशी आलो."

उन्हं कलली तेव्हा जांभळाला बारीकशी चीर पडली. एक बोट बाहेर आलं. मग दुसरं, चाचपडत. सफुराने आपलं बोट पाण्यात नेलं; फूल त्याला अलगद चिकटलं.

आत बद्रू रडू लागला. सफुरा उठू लागली.

"हात काढू नकोस, घाबरंल ते," नफिसाबी म्हणाली आणि नातवाला घ्यायला स्वतःच आत गेली.