वर धरून वाचलेली चिठ्ठी

"मोजणीला उशीर झाला तर कारण विचारत बसू नका. निघा," वांबुई म्हणाली होती, आणि रीता हसली होती.

हे बोलणं झालं किसुमूच्या एका जिन्यावर. किसुमू हे केनियातलं तळ्याकाठचं शहर. वर्ध्याच्या हिरालालजींच्या चुलतभावाचं तिथं कापडाचं जुनं दुकान आणि त्यांच्या हाताखाली हिरालालजींचा मुलगा पियुष. रीता त्याच्याशी लग्न करून तिकडं गेली, वर्षभर राहिली, आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बाळंतपणासाठी परत यायला निघाली. बॅगा खाली गेल्या होत्या. समोरच्या खोल्यांतली वांबुई निरोप द्यायला दारात आली होती.

वांबुई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, आणि निवडणूक आली की तिची नेमणूक केंद्राध्यक्ष म्हणून व्हायची. ती जमातीनं किकुयु, मूळची लांबच्या डोंगराळ मुलखातली. किसुमू लुओ लोकांचं. आपल्याकडे आडनाव सांगितलं की माणूस कुठला ते कळतं, तसं तिथं नुसत्या नावावरून कळतं. पण इतकी वर्षं त्या गल्लीत राहून ती गल्लीचीच झाली होती.

"आमच्याकडे बघ," रीता तिला म्हणाली. "मागच्या लोकसभेला वर्ध्यानं मत दिलं एप्रिलात, निकाल लागला मे महिन्यात. तोवर यंत्रं कुलपात, दाराशी पोलीस, आणि आम्ही सगळे लग्नांच्या पंगतीत. काय बिघडलं?" राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेली रीता अशा विषयावर बोलायला लागली की तिचा आवाज आपोआप वर्गात उत्तर दिल्यासारखा व्हायचा.

"तुमचं वेगळं आहे, मामा." तिकडं बाईला मानानं मामाच म्हणतात. हिरालालजींना हे फोनवर कळलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. "आमची पेटी त्याच संध्याकाळी, त्याच वर्गात उघडते. एकेक चिठ्ठी मी वर धरते आणि नाव मोठ्यानं वाचते. पक्षांची माणसं समोर बसलेली असतात, खिडक्यांना लोक लटकलेले असतात. मग सह्या होतात आणि आकडा तालुक्याला जातो, तालुक्यावरून नैरोबीला. नैरोबीत आयोग बसलेला असतो. त्यातली माणसं नेमतो राष्ट्राध्यक्ष, आणि तोच उभा असतो निवडणुकीला."

रीताला त्यात कौतुक वाटलं. खिडकीला लटकून मोजणी बघणारे लोक! इशारा तिला ऐकूच आला नाही. वांबुईनं तिच्या पोटावर हळूच हात ठेवला. "याच्या बापाला सांगून ठेव," ती म्हणाली आणि आत गेली.

रीतानं सांगितलं नाही. विमानतळाच्या घाईत ते राहून गेलं, आणि नंतर ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये सेवाग्रामच्या दवाखान्यात अंजू झाली. दिवाळीनंतर हिंगणघाटच्या माहेराहून रीता सासरी वर्ध्याला आली. डिसेंबरच्या उन्हात गच्चीवर बसून अंजूला तेल लावताना तिचे कान फोनकडे असायचे. लेकरू झाल्यापासून तिला असंच व्हायचं. दार वाजलं तरी ती उठून उभी राहायची. सासूबाई, कौशल्याबाई, म्हणायच्या, "तू तं बाई, मांजराच्या पावलानं बी दचकतेस."

सत्तावीस डिसेंबरला, गुरुवारी, केनियात मतदान झालं. संध्याकाळी पियुषचा फोन आला, आवाजात सणाची मजा होती. "पहाटेपासून रांगा होत्या, रीता. अख्खी गल्ली बोटाला शाई लावून फिरतेय. करंगळी बुडवतात इथं. दुकानात जो येतो तो आधी करंगळी दाखवतो. माझीच तेवढी कोरी."

"मग लपवा ती," रीता म्हणाली. म्हणताना चेष्टाच केली होती, पण फोन ठेवल्यावर ते शब्द तिला आवडले नाहीत.

टीव्हीवर केनियाचं नावही नव्हतं. त्याच दिवशी पाकिस्तानात मोठी हत्या झाली, आणि सगळे चॅनेल तिथंच जाऊन बसले. इंग्रजी चॅनेलच्या खालच्या पट्टीत कधीतरी एक ओळ सरकायची. तीही अर्धी सरकली की भारनियमनाची वेळ व्हायची आणि पडदा काळा पडायचा.

शुक्रवारी पियुष म्हणाला, वांबुई सकाळी परतली, डोळे लाल, घसा बसलेला. नावं वाचून वाचून आवाजच गेला तिचा. पण मोजणी चोख झाली म्हणे, खिडकीतल्या लोकांनी शेवटी टाळ्या वाजवल्या. गल्लीत सगळ्या केंद्रांचे आकडे तोंडपाठ झालेत. आपला लुओ माणूसच येणार म्हणून पोरं नाचताहेत.

शनिवारी मात्र त्यानं भलत्याच वेळी फोन केला. वर्ध्यात जेवणं चालली होती.

"आकडे थांबलेत," तो म्हणाला. "रेडिओवर गाणी लागलीत. काही मतदारसंघांचे अधिकारी नैरोबीला फोनवर सापडत नाहीत म्हणतात. वांबुई सकाळपासून दोनदा येऊन गेली. म्हणते, निघ. आपल्या लोकांनी देवळाच्या सभागृहात जमायचं ठरवलंय. पण काका नाताळात मोंबासाला गेलेत, दुकान माझ्यावर टाकून. ते म्हणतात, शटर सोडून हलशील तर याद राख. तू काय म्हणतेस?"

हिरालालजींनी घास हातात ठेवूनच विचारलं, "काय म्हणून राह्यला तो?" रीतानं सांगितलं. त्यांनी फोन मागून घेतला. "अरे, मोजणीले टाइम लागतेच ना! आत्ता गुजरातमंदी नाई पाह्यलं? मतदान झाल्यावर आठवड्यानं निकाल लागला. कोनी दुकान सोडून पळालं का? काऊन घाबरून राह्यला? ले, सूनबाईशी बोल."

रीतानं फोन कानाला लावला. जिना आठवला, वांबुईचा हात आठवला. पण समोर सासरे बसले होते, आणि ओठांवर जुनंच वाक्य तयार होतं. "मोजणीला वेळ लागतोच हो," ती म्हणाली. "उगाच घाईनं काही करू नका."

"बरं," पियुष म्हणाला. त्याला तेच ऐकायचं होतं.

त्याच दुपारी घरी भिशी होती. गल्लीतल्या बायकांची ही भांड्यांची भिशी: जिची चिठ्ठी निघेल तिच्या घरी त्या महिन्याचा स्टीलचा डबा नाहीतर परात. चिठ्ठी काढायची ती लेकराच्या हातानं, म्हणजे कोणाच्या मनात काही यायला नको. या वेळी मान अंजूचा. कौशल्याबाईंनी तिची मूठ डब्यात बुडवली, मुठीत एक चिठ्ठी अडकली. शेजारच्या सुलोचनाबाईंनी ती सोडवून हात उंच केला आणि ओरडल्या, "आनंदाबाई!"

आनंदाबाईंनी पदर खोचला. "मी म्हनलंच होतं! दोन महिन्यांपासून परातीवर डोळा होता माझा."

कौशल्याबाईंना चेष्टेची लहर आली. सुलोचनाबाईंच्या हातातली चिठ्ठी घेऊन त्यांनी घडी घातली, मुठीत दाबली. "थांबा, थांबा. असं कसं? मी जरा तपासून पाहीन. नाव उद्या सांगीन."

"तपासून काय पाहता वो?" आनंदाबाई उसळल्या. "आता सगळ्यायनं आइकलं ना! उद्या दुसरं नाव निघालं, तं सांगून ठेवते कौशल्याबाई, तुमच्या घरचा चहा बंद!"

"नुसता चहा? मी तं डब्बाच उचलून नेईन!" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, आणि बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या.

रीता हसली नाही. तिचा हात अंजूच्या पाठीवर होता तिथंच थांबला. वर्ध्याची यंत्रं महिनाभर गप्प राहिली तरी चालतं, कारण आत काय आहे ते कोणीच ऐकलेलं नसतं. तिथं साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. तिथला उशीर म्हणजे कोणीतरी चिठ्ठी मुठीत दाबून बसलंय, आणि बाहेर ज्यांनी नाव ऐकलंय ते त्या मुठीकडे बघताहेत.

"आई, अंजूला धरा," म्हणून ती उठली.

फोन लागेना. आधी लाइन व्यस्त, मग नुसती खरखर. मग एका बाईचा गोड, थंड आवाज आला. रीताला त्यातला एकच शब्द कळत होता: हापातिकानी. उपलब्ध नाही. संध्याकाळभर ती तोच शब्द ऐकत राहिली. हिरालालजी आधी चिडले, आणि मग तेच येऊन विचारू लागले, "लागला का, बेटा?"

रविवारी दुपारी लागला. पियुष कुजबुजत होता. दुकानाचं शटर पाडून तो आत बसला होता. कालपासून गल्लीच्या तोंडाशी धूर होता. फोनमधले पैसे संपले होते आणि रिचार्जची कार्डं विकणारं एकही दुकान उघडं नव्हतं.

"निघा," रीता म्हणाली.

"अगं, कालच तर तू..."

"काल मी चुकले. किल्ल्या काउंटरवर टाका आणि निघा."

"काकांना काय सांगू?"

"सांगा, रीतानं सांगितलं. मी बघते त्यांच्याकडे."

पलीकडे काहीतरी वाजलं. मग हलका, बसलेल्या घशाचा आवाज आला. वांबुई होती, मागच्या दाराशी.

त्यानंतरचं रीताला तुकड्यातुकड्यानं कळलं. पियुषनं सभागृहातून कोणाच्या तरी फोनवरून सांगितलं तेव्हा वर्ध्यात दिवेलागण झाली होती. वांबुई त्याच्या पुढं चालली होती, शाळेचा कोट घालून, मान ताठ. मागच्या गल्लीत पोरांच्या हातात पाइप होते, दगड होते. एकानं पियुषचा हात ओढून करंगळी पाहिली. वांबुई त्याच्यावर अशी डाफरली की जणू तो तिच्या वर्गात उशिरा आला होता. त्या पोरानं तिला ओळखलं. तो गुरुवारी खिडकीत होता. त्यानं हात सोडला.

"आणि ती? ती कुठाय?"

"घरी गेली."

"घरी? आत का नाही घेतलंत तिला?"

"घेत होतो, रीता. फाटकात उभं राहून म्हणाली, माझी मोजणी सगळ्यांनी पाहिलीय. मला कोण काय करणार?"

तोवर नैरोबीतून नाव जाहीर झालं नव्हतं. घड्याळं अडीच तासांनी मागे चालणाऱ्या त्या शहरात अजून ऊन होतं. वीज आली तेव्हा पट्टीवर ओळ सरकली: निकाल लागला, थेट प्रक्षेपणावर बंदी. मग क्षणभर चित्र दिसलं, संधिप्रकाशातली हिरवळ, थोड्या खुर्च्या, घाईघाईची शपथ. किसुमूनं जे नाव खिडकीतून ऐकलं होतं, ते हे नव्हतं. हे नाव होतं जुन्याच राष्ट्राध्यक्षाचं, वांबुईच्या किकुयु लोकांतल्या.

तिनं वांबुईचा नंबर फिरवला. गोड, थंड आवाज म्हणाला, हापातिकानी.

पियुष जानेवारीत आला. युगांडाच्या सीमेपर्यंत गाड्यांचा तांडा, सीमा ओलांडून पुढं विमान. दुकान जळालं होतं. हिरालालजी त्याला गळ्याशी धरून रडले, आणि गुजरातचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. निघण्याआधी पियुष एकदा त्या जिन्यावर जाऊन आला होता. वांबुईच्या दाराचं कुलूप तुटलेलं होतं. आत खडूचा डबा सांडला होता, त्यावरून पावलं गेली होती. खालचा शिंपी म्हणाला, पोलिसांच्या ट्रकमधून किकुयु लोकांना नेलं, त्यात असेल. पलीकडची बाई म्हणाली, ट्रक आला तेव्हा ती नव्हती. तिच्या शाळेत फोन लावला तर कारकून विचारायचा, आपण कोण? मग लाइन तुटायची.

अंजूला आता बोलता येतं. आई फोन कानाला लावून उभी राहिली की ती खालून म्हणते, "हापाती?" कौशल्याबाई तिला दटावतात. भिशीची चिठ्ठी अजून लेकराच्या हातानंच निघते, पण चेष्टेत ती कोणी मुठीत दाबत नाही.

वर्ध्याहून, नागपूरहून पुष्कळांचं कोणी ना कोणी तिकडं असतं: दुकानात, दवाखान्यात, बँकेत. रीता भेटेल त्याला एकच सांगते, आणि हे वाचणाऱ्यालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमचं कोणी केनियात असेल तर त्यांना एवढं काम सांगा. किसुमूत, आणि तिथं नसेल तर निर्वासितांच्या छावण्यांत, डोंगराकडच्या शाळांत विचारा. वांबुई नावाची गणिताची बाई, उंच, बोलताना हात वर धरण्याची सवय असलेली. भेटली तर म्हणावं, मामानं विचारलंय. फोन लागला नाही तर तेवढ्यावर सोडून देऊ नका. जाऊन बघा.