डाव्या डोळ्यातली साडी

कवडूच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. त्यानं कपाट उघडलं, शालूची साडी बाहेर काढली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही साडी तिची नव्हती.

शालूला जाऊन अकरा महिने झाले होते. बाकीच्या साड्या लेकीनं, दिपालीनं, नातलगांत वाटल्या. विहारात नेसायची ही एक, पांढरी, निळ्या काठाची, तेवढी कवडूनं ठेवून घेतली. पांढरी म्हणायची, एवढंच. धुऊन धुऊन ती जुन्या तुपासारखी पिवळी झाली होती. आणि हातातली ही तर काल दुकानातून आणल्यासारखी पांढरी होती.

त्यानं वास घेतला. डांबरगोळ्यांचा होता. पदराजवळचं रफू पाहिलं. ते जागेवर होतं. मग त्याला वाटलं, रफू काय, कोणीही करील. वाकायला मनाई म्हणून कपाटाची किल्ली आठ दिवस सुनेकडे होती.

कवडूनं तीस वर्षं प्लांटात भट्टीवर काढली होती. निळ्या काचेतून नुसता रंग पाहून तो पोलाद तयार आहे की नाही ते सांगायचा. अशा माणसाला रंग कोण शिकवणार?

त्यानं दिपालीला फोन लावला. आवाज खाली ठेवला. "तुह्या वहिनीनं मायची साडी बदलून टाकली. खरी कोणाले देली, का मालूम."

"बाबा, तिले इचारलं का?"

"इचारलं तं काय सांगणार हाय ते!"

फोन ठेवून वळला तर दारात सून संघमित्रा उभी. हातात डोळ्याच्या औषधाची बाटली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मामाजी, मी पांढऱ्या साडीचं काय करू जी? दोन लेकरांत एक दिवस तरी पांढरी राहीन का?"

"मंग ब्लीच टाकलं असशीन."

"हात बी नाही लावला." तिनं खुर्ची पुढं ओढली. "बसा. औषधाची वेळ झाली."

तो खुर्चीत बसला. साडी समोर खाटेवर पडली होती. संघमित्रानं त्याच्या उजव्या डोळ्यावर कापूस धरला. डाव्या डोळ्याची नजर खाटेकडे गेली आणि तो दचकला. तिथं शालूची साडी होती. तशीच पिवळी.

"आता कोठून आणली?"

"काय जी?"

"खरी साडी. कोणं ठेवली इथं?"

"माहे दोन्ही हात तुमच्या तोंडाशी हायेत मामाजी."

तिनं कापूस काढला. साडी पांढरी. कवडूनं उजवा डोळा मिटला. पिवळी. डावा मिटला. पांढरी. मग त्यानं उशीचा अभ्रा पाहिला, भिंत पाहिली, स्वतःचं बनियन पाहिलं. सगळ्यांचं तेच. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, माणसाला कळतही नाही. ते त्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं.

आणि शालूला? चार वर्षं तो तिला ऐकवत आला होता. कपडे धुतेस की मळवतेस? तिनं साबण बदलला, नीळ बदलली, एकेक कपडा दोनदा घासला. एका बुद्ध पौर्णिमेला तो दारात म्हणाला होता, "अशी मळकी नेसून विहारात येऊन राहिली काय?" ती आत गेली, दुसरी नेसून आली. ही साडी तिनं पुन्हा अंगाला लावली नाही.

त्यानं परत फोन लावला. या वेळी आवाज खाली ठेवला नाही.

"दिपाली, साडी घरीच हाय. संघमित्रानं काही नाही केलं. मी खोटा आळ घेतला तिच्यावर."

"मंग बदलली असं कसं वाटलं?"

कवडूनं साडीवर हात ठेवला. "तुह्या मायनं पांढरीच धुतली होती. मलेच दिसत नव्हती."

त्यानं फोन ठेवला. संघमित्रानं बाटलीचं झाकण काढलं.

"मान वर करा," ती म्हणाली. या वेळी ‘मामाजी’ म्हणाली नाही.

त्यानं मान वर केली.