मागच्या बाजूची सहा मिनिटं

मी एक पाटी आहे, आणि माझ्या आठवणीवर कितपत विसंबावं हे माझं मलाच ठरवता येत नाही. माझ्यावर लिहिलेलं पुसण्यासाठीच असतं. त्यातलं खरोखर किती उरलं आणि किती मी मागाहून भरलं, कोण सांगणार? तरी जमेल तसं सांगते.

शाळेतली काळी पाटी मी नव्हे. मी पांढऱ्या प्लास्टिकची, तळहातापेक्षा थोडी मोठी. कोपऱ्याला भोक, भोकात दोरी, दोरीला पेन्सिल. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून डायविंग करणारे माझ्यावर लिहितात. कुठल्या कारखान्यात जन्मले ते सांगता येणार नाही. पहिली आठवण आहे ती खोकं उघडल्यानंतरची: जुळे सोलापुरातलं घर, गरगरणारा पंखा आणि चष्मा कपाळावर सारून मला उलटसुलट पाहणारे महेश्वर सर.

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तेव्हा वय चौसष्ट. स्वभाव असा की दाराला कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघायचे. असा माणूस मुरुडेश्वरला जाऊन डायविंग शिकून आला होता आणि आता मालदीवला निघाला होता. तिथे दोन बेटांमधल्या खाडीत जोराचा प्रवाह असतो. त्यात उतरायचं, प्रवाह नेईल तिकडे जायचं, आणि बोटीनं मागून येऊन उचलायचं. सरांनी असं कधी केलं नव्हतं. म्हणून तीन दिवस बसून त्यांनी सगळी योजना माझ्यावर लिहिली. किती वाजता उतरायचं, खोली अठरा मीटर, त्याखाली जायचं नाही, वेळ चाळीस मिनिटं. अक्षर मोत्यासारखं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

चौथ्या दिवशी बसवेश आला. सरांचा आतेभाऊ, होटगीचा, रेल्वेतून निवृत्त झालेला, सरांपेक्षा तीन वर्षांनी मोठा. तोही सरांबरोबर मुरुडेश्वरला शिकला होता, आणि पाण्याखाली तोच सरांचा जोडीदार असणार होता. त्यानं मला उचललं.

"मह्या, परत पहिलीत नाव घातलंस व्हय रं?"

असं म्हणून अंगठ्याला थुंकी लावली आणि तीन दिवसांचं काम एका फटक्यात पुसलं. त्या जागी म्हैस काढली. "ही बग आपली म्हैस. हिला बी ने मालदीवला!" सरांच्या पत्नी दानेश्वरीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. एवढ्यावर थांबला नाही. ताटली लांब होती म्हणून कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगा चटणी माझ्यावरच घेऊन खाल्ली. तेल माझ्यात मुरलं.

त्या क्षणापासून मी त्याचा सूड घ्यायचं ठरवलं. पाटीनं काय सूड घ्यायचा, असं तुम्ही म्हणाल. मलाही तेव्हा तेच वाटत होतं.

जाताना तो म्हणाला, "दानम्मा, बुडक्याच्या पाठीला बांदायला तेलाचा डबा घे बरं का. इसरू नको!"

सर हसले नाहीत. तो गेल्यावर जेवताना दानेश्वरीबाई म्हणाल्या, "अहो, बसवेशअण्णांचं काय मनावर घेता? पन्नास वर्षं झाली."

"त्रेपन्न," सर म्हणाले. "तुला ठाऊक नाही ते कसं असतं."

मग मला कळलं. सर अकरा वर्षांचे असताना होटगीच्या विहिरीत बसवेश त्यांना पोहायला शिकवायचा, पाठीला रिकामा डबा बांधून. एक दिवस त्यानं मध्येच डबा सोडला, "आता पोह" म्हणाला आणि पायऱ्या चढून वर गेला. सर दोनदा खाली गेले. शेजारच्या मळ्यातल्या काशम्मानं लुगड्याचा पदर सोडून त्यांना बाहेर ओढलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सरांचं नाव बुडक्या. विद्यार्थ्यांसमोरसुद्धा.

पुढचे पंधरा दिवस तयारीचे होते. पाण्याखाली घालायच्या नव्या मुखवट्यांची काच धुरकट होऊ नये म्हणून सर आतून टूथपेस्ट चोळत बसायचे. बॅग वजनकाट्याला लटकवायची, दोन किलो जास्त भरायची, मग एकेक वस्तू काढायची आणि परत घालायची. रविवारी गच्चीत तालीम झाली. पाण्यातून वर येताना बोटीला दिसावा म्हणून एक लांब नारिंगी फुगा सोडतात. तो फुगवून सरांनी उभा केला, माणसापेक्षा उंच. शेजारच्या गच्चीत अकबरीभाभी वाळवण उचलत होत्या.

"सरजी, ये क्या सर्कस लगाए?"

"सर्कसच की भाभी," बसवेश ओरडला. "ये जोकर, मैं रिंगमास्टर!"

सरांनी माझ्याकडे पाहून नियम वाचायला सुरुवात केली. "जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं. मग वर यायचं."

"एकच मिनिट? अन त्यो गावला न्हाई तर?"

"वर भेटतो तो. प्रवाहाच्या उलट पोहायचं नाही. हवा संपते."

"ही काय रीत हाय व्हय?" बसवेश म्हणाला. "हिरीत तर असं कुनी करत न्हाई."

सरांनी पुढचा नियम वाचला. विहिरीत काय करतात ते त्यांना माहीत होतं.

त्या दुपारी दार लावून सरांनी मला उलटं केलं. मागच्या बाजूला त्यांनी दुसरी योजना लिहिली. नकाशाप्रमाणे बाराव्या मिनिटाला खडकाचा मोठा कंगोरा येतो. गाईड आणि बाकीचे पुढे असतील. आपण कंगोऱ्याआड थांबायचं, बसवेशला प्रवाहात पुढे जाऊ द्यायचं. वळून बघेल तर कुणी नाही. कळू दे त्याला.

किती मिनिटं? सरांनी चार लिहिलं, पुसलं. पाच लिहिलं. प्रवाहाचा वेग, टाकीतली हवा, सगळा हिशेब मांडला. त्याला धोका नाही, तो नियमाप्रमाणे एका मिनिटानं वर जाईल, फक्त भीती वाटेल, असं स्वतःला तीनदा समजावलं. मग पुन्हा पाच पुसलं. मी मनात म्हणत होते, सहा लिहा. तीन दिवसांच्या अक्षरांसाठी, त्या म्हशीसाठी, तेलासाठी, सहा. पेन्सिल सहावर जराही अडखळली नाही.

आणि तसंच झालं. मालदीवच्या त्या खाडीत मी सरांच्या जाकिटाला लटकत होते. बाराव्या मिनिटाला सर कंगोऱ्याला चिकटले. बसवेशच्या पायातल्या पिवळ्या फिन्स निळ्यात विरघळल्या. सर घड्याळ बघत राहिले. मी खूश होते, खोटं कशाला बोलू? सहा मिनिटं संपली, सर फुगा सोडून हळूहळू वर आले. बोटीवर गाईड आणि बाकीचे होते. बसवेश नव्हता.

तो बऱ्याच वेळानं आला, बोटीपासून लांब. त्याला ओढून वर घेतलं तेव्हा ओठ काळेनिळे होते. त्यानं सरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आलास व्हय," एवढंच म्हणाला.

गाईडनं त्याच्या टाकीचा काटा बघितला आणि त्याच्यावर ओरडला. हवा जवळजवळ संपली होती. बसवेश पोटावर हात मारून हसला. "यवडं मोठं पोट हाय, हवा जास्त लागनारच की!" सगळे हसले. मनगटावरचं डायविंगचं घड्याळ काढून त्यानं पिशवीत टाकलं.

सरांचा सूड फसला. घाबरलेला बसवेश त्यांना दिसलाच नाही. परतल्यावर वर्षानुवर्षं हे त्यांना टोचत राहिलं. "निर्लज्ज आहे, त्याला काही लागत नाही," असं ते दानेश्वरीबाईंना म्हणायचे. मलाही टोचायचं. एक गोष्ट मात्र आमच्या दोघांच्याही लक्षात यायला फार वेळ लागला. मालदीवनंतर बसवेशनं सरांना कधी बुडक्या म्हटलं नाही. कुणी म्हटलं तर तो उठून जायचा.

गेल्या वर्षी बसवेश गेला. झोपेतच. दिवसकार्य आटोपल्यावर त्याचा मुलगा ऋतुराज सरांकडे आला. "काका, पप्पांचं पाण्यातलं घड्याळ तुमीच ठेवा. आमाला त्यातलं काय कळत न्हाई."

सरांनी त्यात नवा सेल घातला, संगणकाला जोडलं. अशी घड्याळं प्रत्येक बुडीची खोली आणि वेळ नोंदवून ठेवतात. सरांनी ती तारीख शोधली. मग ड्रॉवर उघडून मला बाहेर काढलं, आकडे उतरवून घ्यायला. एकेक आकडा लिहून ते संगणकाशी पुन्हा ताडून बघत होते.

मी आता त्यांच्या टेबलावर असते. सर समुद्रावर जात नाहीत. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी पाटी असेल तर एवढंच करा, तिच्या मागच्या बाजूला काही लिहू नका. आम्ही नाही म्हणू शकत नाही, आणि कधी कधी नाही म्हणायची आमची इच्छाही नसते.

घड्याळात काय होतं ते सांगते. यात माझ्या आठवणीचा प्रश्न नाही, सरांनी ते तीनदा तपासलं. बाराव्या मिनिटानंतर एक मिनिट शोधून बसवेश वर गेला नाही. नऊ मिनिटं तो खालीच होता, आणि अठरा मीटरची मर्यादा सोडून एकतीस मीटरपर्यंत खाली उतरला होता. एकदा नाही, चारदा.