भिंतीचा उजवा खांदा

"होल्डन 'मला काही झालं नाही' म्हणाला, की त्याच्या हातात काहीतरी जड देऊन बघ," असं सासूबाईंनी, डार्लिननी, लग्नाच्या आदल्या दिवशी लिंडीला बजावलं होतं. लिंडी हसली होती. एवढा दाराएवढा माणूस, त्याला काय होणार!

होल्डन विद्यापीठाच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळायचा, हातानं चेंडू फेकायचा तो. चेंडू फेकायचं काम ट्रिपचं, आणि ट्रिपवर कुणी चालून आलं तर मध्ये भिंतीसारखं उभं राहायचं काम होल्डनचं. टीव्हीवर ट्रिपचा चेहरा दिसे, होल्डनची पाठ. गावातल्या मोटारवाल्यानं जाहिरातीच्या बदल्यात ट्रिपला नवाकोरा ट्रक दिला. गादीवाल्यानं होल्डनला गादी.

"भिंतीला गादीच बरी," लिंडी चिडवायची. "ट्रकमध्ये तू बसलास तर टायर बसतील."

गेल्या नाताळात ट्रिपनं रीतीप्रमाणे आपल्या भिंतीतल्या पाचही जणांना भेटी वाटल्या: प्रत्येकाला मांस धुरावर भाजायची लोखंडी पेटी. ती होल्डन-लिंडीच्या तळघरातल्या भाड्याच्या खोलीत मावेना. तिच्यावर त्यांच्या लेकीचे, छोट्या ओपलचे, लंगोट वाळत.

आता मात्र विद्यापीठ स्वतःच्या कमाईतून खेळाडूंना वाटा देणार होतं. आजवर फी माफ, पोटभर जेवण आणि टाळ्या. टाळ्यांवर घरभाडं भागत नाही. त्या करारावर होल्डनची सही सोमवारी होती. एकदा ती झाली, की या ओलसर तळघरातून सुटका आणि ओपलचा खोकलाही जाईल, असं लिंडीनं मनाशी पक्कं केलं होतं.

शनिवारी सामना होता. मैदानात लिंडी चेंडू कधीच बघत नसे. पडलेलं कोण कसं उठतं ते बघे. ट्रिप पडला की त्याला उठवायचा मान भिंतीचा. होल्डन नेहमी उजवा हात द्यायचा. आज त्यानं डावा दिला. पुढच्या वेळीही डावा.

"अगं, जिंकलो आपण!" शेजारच्या बाईंनी तिला मिठी मारली.

"हो, पण डाव्या हातानं," लिंडी म्हणाली.

बाहेर गाड्यांपाशी होल्डन मक्याचं कणीस खात उभा होता.

"खांद्याला काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्याच्याबद्दल 'कुठल्या' विचारतोयस, त्याच."

"मला काही झालं नाही गं."

लिंडीनं ओपलला त्याच्या उजव्या बाजूनं पुढे केलं. डाव्या हातातलं कणीस खाली पडलं, पण पोर डाव्या हातावरच गेली.

"तिला डावीकडे आवडतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आजपासून."

लिंडीला हसू आलं, पण तिनं विषय सोडला नाही. "किती दुखतंय?"

"सोमवारी सही होऊ दे, मग सांगतो सगळ्यांना. आत्ता कळलं तर वाटा देणार नाहीत."

"आणि नाही कळलं तर तोच खांदा पुढच्या शनिवारी पुन्हा घुसळतील. तो मोडला की तुझ्या आईला काय सांगू मी? की घर कोरडं मिळालं?"

होल्डननं ओपलच्या टोपीवर हनुवटी टेकली. "तिचा खोकला..."

"खोकल्याचं मी बघते. तू डॉक्टरकडे चल."

रविवारी संघाच्या डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला आणि तो छातीपर्यंतही गेला नाही. शस्त्रक्रिया ठरली. सोमवारी सही झाली खरी, पण वाटा निम्म्यावर आला. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तळघरच. लिंडीनं लोखंडी पेटी विकली आणि हवा कोरडी करायचं यंत्र आणलं. ट्रिपला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "वहिनी, पुढच्या नाताळात यंत्रच देतो."

होल्डनच्या जागी आता एमेट उभा राहतो. दूर मोंटाना राज्यातला, पहिल्याच वर्षाचा, आई तिकडे गुरांमागे. परवा तो जेवायला आला.

"सगळं ठीक ना रे?" लिंडीनं विचारलं.

"मला काही झालं नाही, वहिनी!"

तिनं ताबडतोब ओपल त्याच्या हातात दिली. त्यानं छान झेलली. पण उठताना एक गुडघा जपत टेबलाला हात टेकवला.

तेव्हा तुम्ही शनिवारी मैदानात नदीकडच्या बाजूला बसणार असाल, तर लिंडीचं एवढं ऐका. तिच्या जागेवरून तो गुडघा दिसत नाही. चेंडू बघायला बाकीचे आहेत. एकाहत्तर नंबरचा एमेट पडला की कसा उठतो, तेवढं बघाल का? आणि तिला येऊन सांगाल?