नाव संपल्याची खूण

काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत, प्रल्हादकाकांच्या वरच्या खोलीत ऋता लॅपटॉप घेऊन बसली होती आणि तिची बोटं गार पडली होती. बाहेर दुपारचं चांगलं ऊन होतं, म्हणजे हा गारठा हवेचा नव्हता. थोड्या वेळापूर्वी तिची सात वर्षांची मुक्ता हाच जिना चढताना मधेच पायरीवर बसली होती. रडली नाही, कुरकुरली नाही, नुसती बसून धापा टाकत राहिली. रक्त द्यायची वेळ जवळ आली की ती अशीच बसायची.

मुक्ताला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त पुरेसं तयार होत नसे, म्हणून दर काही आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागे. इतक्या वर्षांत तिच्या शरीराला आता कुणाचंही रक्त चालेनासं झालं होतं. मोजकेच दाते जुळत. रामनगरची एक संस्था त्यांना निरोप पाठवी, निरोपातल्या लिंकवर दाता 'येतो' किंवा 'नाही' असं कळवी. दात्याचं नाव आणि नंबर कुणालाही, संस्थेतल्या माणसांनाही, दिसायचा नाही असा संस्थेचा नियम, निरोपही मशीनच पाठवी, त्यामुळे ती लिंक हाच एक रस्ता. मुक्ताला रक्त उद्या हवं होतं. निरोप सकाळीच गेले होते. तोवर दोघांचं 'नाही' आलं होतं.

आणि आज संध्याकाळी तो रस्ताच बंद होणार होता.

कसा, ते प्रल्हादकाकांनी मुक्तालाही समजावलं होतं. काका रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याचे, आणि कुणी पोर समोर बसलं की शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ते म्हणाले होते, हे बघ, इंटरनेटवरच्या मशीनला नावं कळत नाहीत, नुसते आकडे कळतात. आपल्या गल्लीत परका माणूस येतो आणि पानवाल्याला विचारतो, अमक्याचं घर कुठे? पानवाला घराचा नंबर सांगतो. तसा नावावरून नंबर सांगणारा जो सर्व्हर, तो नेमसर्व्हर. संस्थेचे असे दोन पानवाले होते. पहिला रामनगरच्या ऑफिसात, त्याच्याकडे खरी माहिती. दुसरा दूरच्या एका संस्थेत, तो पहिल्याचं ऐकून तेच सांगायचा. पण दुसऱ्याला एक शिस्त घालून दिलेली होती. पहिला आठवडाभर बोललाच नाही, तर जुनी माहिती सांगत बसायचं नाही, गप्प व्हायचं.

पहिल्याची डिस्क जळाली, त्याला आज आठवडा भरत होता. दिवेलागणीला दुसराही गप्प होणार होता. मग संस्थेचं नाव विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळणार, ठाऊक नाही. दाता लिंक दाबेल, काही उघडणार नाही, तो फोन खिशात टाकेल आणि आपल्या कामाला लागेल.

ऑफिसात नवी डिस्क बसली ती आज सकाळी. नावं आणि आकडे लिहिलेल्या जुन्या फायलीची प्रत कुठेच नव्हती, दुसऱ्या सर्व्हरच्या संस्थेला सुट्ट्या होत्या आणि तिथला फोन कुणी उचलत नव्हतं. सगळी मांडणी मुळात काकांनी केलेली आणि ती त्यांना तोंडपाठ होती. पण परवाच त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, त्यावर पट्टी होती, आणि दुसरा डोळा अजून ऑपरेशनची वाट बघत होता. तेव्हा काकांनी सांगायचं आणि ऋतानं इथूनच, लॅपटॉपवरून ऑफिसातल्या सर्व्हरवर लिहायचं असं ठरलं. ऋता संस्थेच्या साइटची पानं सांभाळायची. नेमसर्व्हरला तिनं कधी हात लावला नव्हता.

"नावाच्या मधे डॉट," काका सांगत गेले, "आणि पूर्ण नाव संपलं की पूर्णविराम. विसरू नकोस. वाक्य संपल्यावर देतो तसा. त्याशिवाय सर्व्हरला कळत नाही की नाव संपलं."

ऋतानं जिथे जिथे सांगितलं तिथे पूर्णविराम दिला. फाइल पुरी झाली. सर्व्हर सुरू केला. सर्व्हरनं ती घेतली नाही.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

"नाव चुकीचं आहे म्हणतो. आणि काका, संस्थेचं नाव दोनदा दिसतंय. एकाला एक चिकटून."

काकांचा चेहरा जरा सैलावला. "मग सोपं आहे. पूर्णविराम राहिला. नाव अर्धवट वाटलं की सर्व्हर आपणहून पुढे संस्थेचं नाव जोडतो. कुणी नुसतं ऋता म्हटलं तर आपण आडनाव लावतो ना, तसं. बघ, कुठे राहिला."

ऋतानं बघितलं. राहिला नव्हता. तिनं एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी स्पष्ट म्हणाली, पूर्णविराम. काका मान डोलवत राहिले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा काका मान डोलवायचे थांबले होते. त्यांचा हात खाटेच्या कडेवर फिरत होता, काहीतरी शोधत असल्यासारखा. ते पुटपुटले की आकडा तर चुकला नाही ना आपला, वयाचा काही भरवसा नाही. त्यांनी ऋताला एक आकडा बदलायला लावला, मग परत होता तसा करायला लावला. आतापर्यंत ऋताला एकच धीर होता, की काकांना सगळं येतं. आता काकाच घाबरले होते.

कालिंदीकाकू चहा घेऊन आल्या. मागून मुक्ता आली, भिंतीला धरून. तिचे ओठ फिकट पडले होते.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय की कानाचं?" काकू काकांना म्हणाल्या. "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय, आराम करा. आणि तुम्ही दोघं मघापासून पूर्णविराम, पूर्णविराम जपताय."

कुणी हसलं नाही. काकूंनी ऋताच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुक्ताला जवळ ओढून घेतलं.

गल्लीतलं ऊन समोरच्या घराच्या वरच्या खिडकीपर्यंत चढलं होतं. ऋताला वाटलं, सगळं सोडून रामनगरला पळावं, दारोदार जाऊन विचारावं, माझ्या मुलीला जुळणारं रक्त कुणाचं आहे. पण कुणाच्या दारी? डोळे मिटले तर जिन्यातली मुक्ता दिसेल, म्हणून तिनं ते मिटले नाहीत.

"इकडे ये," काका अचानक म्हणाले. त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "मला दिसत नाही ना, मग हातावर लिही. एका नावाची शेवटची अक्षरं, अगदी फायलीत आहेत तशी. सावकाश."

ऋतानं बोटानं लिहिलं. डॉट. आय. एन. आणि मग बोटांच्या मुळापासून मनगटाकडे एक सरळ उभी रेघ ओढली.

काकांनी मूठ मिटली. "हे शेवटचं काय काढलंस?"

"पूर्णविराम."

"ही रेघ?"

"हो मग. खडी पाई. शाळेत हीच तर शिकवली," ऋता म्हणाली. "टाइप करताना मी नेहमी हीच उभी दांडी देते. कॉम्प्युटरला द्यायच्या कमांडमध्येही ती असते, म्हणून मला काही वेगळं नाही वाटलं. का? काय झालं, काका?"

काकांना आता उलगडलं. ही मुलगी मराठी बोलते ती घरात. लिहायला शिकली ती हिंदी, बनारसच्या शाळेत. तिच्यासाठी वाक्य संपतं ते उभ्या दांडीनं. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या त्यांच्यासाठी ते टिंबानं संपत होतं. दोघं दुपारभर एकच शब्द एकमेकांना ऐकवत होते आणि प्रत्येकाच्या डोळ्यापुढे वेगळी खूण होती.

"मराठीत पूर्णविराम म्हणजे टिंब, बाळ," ते म्हणाले. "डॉटच. मधे आहेत तसाच. चूक माझी आहे, मी डॉट म्हणायला हवं होतं."

"चाळीस वर्षं काशीत काढलीत," काकू म्हणाल्या, "आणि इथली साधी पाटी कधी शेवटपर्यंत वाचली नाहीत."

ऋताचं लक्ष नव्हतं. ती एकेक उभी दांडी पुसून तिथे टिंब देत होती. घाईत दोन ठिकाणी दोन टिंबं पडली. ती तिनं सुधारली, आणि फाइल पुन्हा वाचली, या वेळी प्रत्येक शेवटाला डॉट म्हणत. मग सर्व्हर सुरू केला.

सर्व्हरनं फाइल घेतली.

पण अर्धंच काम झालं होतं. दुसऱ्यानं पहिल्याचं ऐकलं का, ते कळायला हवं होतं. काकांनी फायलीवर आजची तारीख घालून घेतली होती. दुसऱ्याला विचारायचं, तुझ्याकडे कुठली तारीख? ऋतानं विचारलं. जुनी तारीख आली. पुन्हा विचारलं. जुनीच. खिडकीतला उजेड करडा झाला, खाली कुणाच्या तरी देवघरात घंटा वाजली. तिनं पुन्हा विचारलं आणि या वेळी उत्तरच आलं नाही.

"गप्प झाला," ती म्हणाली. तिला आपला आवाज परका वाटला.

"विचारत राहा," काका म्हणाले. "नेटचा घोटाळा असेल. मी इथेच आहे."

ती विचारत राहिली. मुक्ता तिच्या पाठीला टेकून बसली होती, तिचा छोटा, भरभर चालणारा श्वास ऋताला पाठीवर जाणवत होता. मग पडद्यावर एक ओळ उमटली. आजची तारीख.

ऋतानं काकांना सांगितलं. काकांनी डोकं भिंतीला टेकवलं. तिला मात्र हायसं वाटलं नाही. रस्ता उघडा राहिला होता, पण रस्त्यावर अजून कुणी आलं नव्हतं. तिनं संस्थेचं पान उघडलं. दोन 'नाही', त्याखाली मोकळी जागा. ती त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. काकूंनी दिवा लावला, तिच्यासमोर दुसऱ्यांदा चहा ठेवला, तो निवला, त्यावर साय धरली.

तिसरी ओळ आली तेव्हा ऋतानं तोंडावर हात ठेवला.

"काय आहे? वाच ना," काका म्हणाले. तिच्याच्यानं वाचवेना. शेवटी काकूंनी चष्मा पुसला आणि वाकून वाचलं. कुणा अनोळखी माणसानं लिहिलं होतं, उशीर झाला, ड्यूटीवर होतो, सकाळी नक्की येतो.

"कोण येणार?" मुक्तानं विचारलं.

"माहीत नाही," ऋता म्हणाली. तिनं मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि भिंतीला हात लावत जिना उतरू लागली.